अड्यार ते कोसबाड

पूर्वीचे मद्रास म्हणजे आजचे चेन्नई. या शहराच्या दक्षिण अंगास अड्यार नावाची नदी बंगालच्या उपसागरास मिळते. नदीच्या मुखाजवळ दक्षिण तीरावर थिऑसॉफिकल सोसायटीचे विस्तीर्ण उद्यान आहे. तेथील पुरातन वटवृक्षाची कीर्ती दूरवर पसरलेली आहे, आणि अड्यार म्हटले की बहुतेकांस त्या वृक्षाचे किंवा अ‍ॅनी बेझंट यांचे स्मरण होते. परंतु भारतातील बालशिक्षणाच्या इतिहासातही अड्यारला एक स्थान आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा अड्यारपासून निघून थेट महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या उत्तर टोकास, वारली पाड्यांच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचतो. मूल पुस्तकापेक्षा हातांनी अधिक शिकते, हे तत्त्व सांगण्यास सोपे आहे. ते कोणाच्या मुलाच्या वाट्यास यावयाचे, हा मात्र अवघड प्रश्न आहे. आणि या इतिहासाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना १८७५ साली न्यूयॉर्क येथे झाली. तिचे संस्थापक कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की १८७९ साली हिंदुस्थानात आले ते प्रथम मुंबईस. गिरगावात त्यांचे बिऱ्हाड होते. १८८२ च्या अखेरीस त्यांनी आपले मुख्य ठाणे मुंबईहून अड्यारला हलविले. त्या वेळी अड्यार हा शहराचा भाग नव्हता. नदीपलीकडचे ते एक खेडवळ किनारपट्टीचे स्थान होते. माडांची बने, कोळ्यांच्या वस्त्या आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्या, तेव्हा ‘पंचम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांची घरे असा तो सारा परिसर होता.

या पंचमांच्या मुलांना इतरांच्या शाळेत बसावयास मिळत नसे. ऑल्कॉट यांनी १८९४ साली अड्यारच्या परिसरात त्यांच्यासाठी एक मोफत शाळा उघडली. पुढे मद्रासच्या इतर भागांतही अशा शाळा निघाल्या. मुले थोडीच वर्षे शाळेत टिकणार, कारण घरच्या दारिद्र्यामुळे त्यांना लवकरच कामास जुंपले जाणार, हे ओळखून तेथील शिक्षणक्रम व्यवहारोपयोगी आणि आटोपशीर ठेवण्यात आला होता. वाचन, लेखन, हिशेब आणि जगण्यास उपयोगी पडेल असे काही हाताचे काम, असे त्याचे स्वरूप होते. अमेरिकेहून आलेल्या शिक्षिकांनी तेथे किंडरगार्टनची, म्हणजे बालोद्यानाची पद्धतीही आणली. या शिक्षणाची झेप लहान होती, असा आक्षेप त्यावर घेता येईल, आणि तो रास्तही आहे. गरिबाच्या मुलाला कामापुरतेच शिकवावयाचे, यात त्याचे भवितव्य आधीच ठरवून टाकल्यासारखे होते. तथापि ज्यांना शाळेची पायरीही चढू दिली जात नव्हती, त्यांच्यासाठी दार उघडले गेले, हेही तितकेच खरे. ती पहिली शाळा बंद पडली नाही. ऑल्कॉट यांच्या नावाने ती आजही चेन्नईत चालू आहे आणि तेथील शिक्षण मोफतच आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नव्हता. सोसायटीने अड्यारला बस्तान हलविले त्याच वर्षी, १८८२ साली, जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. सरकारी पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो आणि शेतकऱ्याचे मूल कोरडेच राहते, ही त्या निवेदनातील मुख्य तक्रार होती. प्राथमिक शाळेच्या शिक्षणक्रमात मोडी-बाळबोध लेखन-वाचन आणि हिशेब यांबरोबरच शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी सूचनाही त्यांनी केली होती. फुल्यांच्या विचारात आणि ऑल्कॉट यांच्या शाळेत एक महत्त्वाचा फरक होता. फुल्यांना व्यवहारज्ञान हवे होते ते मुलाला त्याच्या जागी ठेवण्यासाठी नव्हे, तर ती जागा बदलण्याचे बळ त्याला यावे म्हणून. हाताच्या शिक्षणाच्या प्रत्येक प्रयोगाला हा कस लावून पाहावा लागतो.

आता थोडे युरोपकडे वळू. १९०७ च्या जानेवारी महिन्यात रोम शहरातील सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप मोलमजुरीस गेल्यावर चाळींतून मोकाट हिंडणारी, भिंती खराब करणारी ही मुले. त्यांची काहीतरी सोय लावावी, एवढाच त्या चाळींच्या मालकांचा हेतू. माँटेसरीबाईंनी त्या मुलांच्या हाती वस्तू दिल्या. लाकडाचे ठोकळे, दट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरे, गुंड्या घालण्याच्या चौकटी. मुलाने वस्तू हाताळावी, चूक झाली तर ती त्या वस्तूनेच दाखवावी, शिक्षिकेने मध्ये बोलू नये, असा तो क्रम होता. पाहता पाहता ती दांडगी मुले एकाग्र होऊन काम करू लागली आणि चार-पाच वर्षांची मुले आपण होऊन लिहू लागली. ही वार्ता जगभर गेली. पण तिच्याबरोबर एक विपरीत गोष्टही घडली. गरीब वस्तीत जन्मलेली ही पद्धती लवकरच सुखवस्तू घरांतील मुलांची पद्धती होऊन बसली. मोजमापाने काटेकोर बनविलेले ते साहित्य महाग होते, आणि ते वापरण्यास खास शिकलेली शिक्षिका हवी होती.

हिंदुस्थानात ही पद्धती प्रथम पुस्तकांच्या द्वारे आली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापिका विद्यालयातील प्राचार्यपद सोडून गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाई आणि ताराबाई यांनी गुजरातीत आणि मराठीत बालशिक्षणाचा जो प्रचार केला, त्यामुळे ‘मुलाला मारू नये’ ही साधी गोष्टसुद्धा कित्येक घरांत प्रथमच विचारार्थ आली.

१९३१ साली गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी लंडनला गेले असता तेथील माँटेसरी अध्यापनवर्गात त्यांचे भाषण झाले. खुद्द माँटेसरीबाई त्या वेळी उपस्थित होत्या. असे शिक्षण श्रीमंतांच्या मुलांपुरतेच न राहता अकिंचनांच्या मुलांनाही मिळावे, अशी आशा गांधीजींनी तेथे बोलून दाखविली. बोलण्यात गौरव होता आणि त्यातच एक आव्हानही होते. पुढे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून हस्तोद्योगाभोवती गुंफलेली मूलोद्योग शिक्षणाची योजना निघाली. तथापि तिचा आरंभ सातव्या वर्षापासून होता. त्याआधीच्या वयाचे खेड्यातील मूल अजून कोणाच्याच योजनेत बसलेले नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९३९ साली माँटेसरीबाई अड्यारला आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीदेवी यांनी त्यांना निमंत्रण दिले होते. रुक्मिणीदेवींनी १९३६ साली अड्यार येथे कलाक्षेत्राची स्थापना केली होती. नृत्य-संगीताबरोबर हातमागाचे काम तेथे शिकविले जाई. हात आणि बुद्धी यांची फारकत होऊ नये, ही दृष्टी तेथील वातावरणात आधीपासूनच होती. माँटेसरीबाईंचे वय तेव्हा ६९ वर्षांचे होते. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीशी त्यांचे बिनसले होते, स्पेनमधील यादवी युद्धाने तेथले वास्तव्य संपविले होते, आणि हॉलंडमध्ये त्यांनी नुकता आसरा घेतला होता. काही महिन्यांचा शिक्षणवर्ग घेऊन परतावे, एवढाच बेत होता.

नोव्हेंबर १९३९ मध्ये वर्ग सुरू झाला. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतून सुमारे तीनशे विद्यार्थी आले होते. एवढ्या मंडळींना पुरेशी इमारत तेथे नव्हती. म्हणून माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या उभारण्यात आल्या. माँटेसरीबाई इटालियन भाषेत बोलत आणि त्यांचे पुत्र मारिओ त्याचे इंग्रजीत भाषांतर करीत. श्रोत्यांत कोणी तमिळ, कोणी गुजराती, कोणी मराठी. तीन भाषांतून गाळून आलेला तो विचार शेवटी पुन्हा वस्तूंवरच येऊन ठेपे, आणि वस्तूंना भाषांतर लागत नाही.

जून १९४० मध्ये इटलीने युद्धात उडी घेतली. ब्रिटिश सरकारच्या लेखी ही मायलेकरे शत्रुराष्ट्राची प्रजा ठरली. मारिओ यांना अटक होऊन अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, स्थानबद्धांच्या छावणीत पाठविण्यात आले. वृद्ध माँटेसरीबाईंना अड्यारच्या आवाराबाहेर जाण्यास बंदी झाली. ज्या बाईंनी बालकाच्या स्वातंत्र्याचा उच्चार जगभर केला होता, त्यांनाच स्थानबद्ध व्हावे लागले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांचा सत्तरावा वाढदिवस आला. त्या दिवशी सरकारने मारिओ यांची सुटका केली. वाढदिवसाची भेट म्हणून आम्ही तुमचा मुलगा तुम्हांस परत देत आहोत, अशा आशयाची तार व्हाइसरॉयकडून आली होती. पुढे निर्बंध सैल झाले, आणि काही महिन्यांचा मुक्काम कित्येक वर्षांचा झाला.

या वर्षांत माँटेसरीबाईंनी हिंदुस्थानला शिकविले, तसे हिंदुस्थानकडून त्या शिकल्याही. युरोपातील मध्यमवर्गीय घरात तान्हे मूल वेगळ्या खोलीत, वेगळ्या पाळण्यात असे. येथे ते सदैव आईच्या कडेवर. बाजारात, विहिरीवर, शेताच्या बांधावर, माणसांच्या बोलण्याच्या भर प्रवाहात. जन्मापासून तीन वर्षांपर्यंत मूल परिसर जणू शोषून घेते, हा त्यांच्या उत्तरायुष्यातील प्रमुख सिद्धान्त याच काळात पक्व झाला, आणि त्याविषयीचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९४९ साली प्रथम मद्रासहून प्रकाशित झाला. १९४२ ते १९४४ या काळात त्या कोडाईकनालच्या डोंगरावर राहिल्या. तेथे सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी झाडे, प्राणी, दगड, पाणी यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेला शिक्षणक्रम आकारास आला. १९४६ साली त्या युरोपास परतल्या, पुन्हा १९४७ ते १९४९ या काळात येथे आल्या, आणि ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये निवर्तल्या. त्यांच्या हाताखाली हिंदुस्थानात हजारावर शिक्षक तयार झाले.

हे कार्य मोठे होते, यात शंका नाही. परंतु गांधीजींच्या आव्हानाला अड्यारने उत्तर दिले काय? या प्रश्नाचे उत्तर ‘अर्धेच’ असे द्यावे लागते. मद्रासपर्यंतचा प्रवास, महिनोन्‌महिने तेथील खर्च आणि इंग्रजीतून शिक्षण, या गोष्टी शहरातील सुशिक्षित घरांनाच परवडणाऱ्या होत्या. तेथून बाहेर पडलेल्या पुष्कळशा शिक्षकांनी बालमंदिरे काढली ती स्वाभाविकपणे शहरांतच. झोपडीत दिलेले शिक्षण बहुधा पक्क्या इमारतींत गेले. ऑल्कॉट यांची शाळा ज्या मुलांसाठी होती त्या मुलांपर्यंत, म्हणजे त्याच परिसरातील अगदी शेजारच्या वस्तीपर्यंत, हे साहित्य सहजी पोहोचणारे नव्हते. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पद्धतीची शुद्धता राखावयाची तर साहित्य अचूक हवे. साहित्य अचूक हवे तर ते महाग होणार. आणि महाग झाले की गरिबाचे मूल बाहेर राहणार. ही साखळी कोठेतरी तोडणे प्राप्त होते.

ती महाराष्ट्रात तुटली. ताराबाई मोडक यांनी मुंबईत दादरला शिशुविहार चालविला होता. त्याला नावलौकिकही मिळाला होता. पण त्यांच्या मनाला खेडे खुणावीत होते. १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास समुद्रकाठी असलेल्या बोर्डी या गावी त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. आचार्य भिसे यांच्या कार्यामुळे या गावात शिक्षणाची भूमी आधीच नांगरलेली होती. बोर्डीलाच ताराबाईंना अनुताई वाघ ही सहकारी मिळाली. १९१० साली मोरगावी जन्मलेल्या, बालपणीच विवाह होऊन बालपणीच विधवा झालेल्या, आणि स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी पुढील सारे आयुष्य या कामास वाहिले.

तो काळ साधा नव्हता. १९४५ हेच वारल्यांच्या उठावाचे वर्ष. जंगलपट्टीतील वारली शेतमजूर सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने पिढ्यान्‌पिढ्या मालकाची चाकरी करावी, अशी ती रीत होती. या वातावरणात वाढणाऱ्या मुलाला सहाव्या-सातव्या वर्षीच गुरांमागे जावे लागे, आणि मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. अशा मुलांसाठी दहा वाजता घंटा वाजवून शाळा उघडणे म्हणजे शाळा त्यांना बंद करणेच होय.

बोर्डीत हे लवकरच दिसून आले. मध्यवर्ती बालवाडीत चांगल्या स्थितीतील मुले येत. हरिजन, कोळी, आदिवासी यांची मुले तिकडे फिरकत नसत. तेव्हा मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असा निर्णय ताराबाईंनी घेतला. शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या आणि कोणाच्या तरी सारवलेल्या अंगणात शाळा भरू लागली. मुलांना अंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हाच पहिला धडा. तीच ‘अंगणवाडी’. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षिका थेट रानात गेल्या. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली मुले शिकत आहेत, ही ‘कुरणशाळा’. १९५७ च्या सुमारास हे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवता आले की थोरली बहीण वर्गात बसू शकते, एवढा साधा हिशेब त्यामागे होता; पण तो हिशेब शहरात बसून कोणाला सुचला नसता.

साहित्याचा प्रश्नही येथेच सुटला. ठोकळे नव्हते, पण समुद्रावर शंखशिंपले होते. मण्यांच्या माळा नव्हत्या, पण चिंचोके होते. रंगांच्या पट्ट्या नव्हत्या, तर पाने आणि फुले होती. बांबू, खडे, काड्या, माती यांना तर तोटाच नव्हता. लहान-मोठे, जाड-बारीक, गुळगुळीत-खरखरीत हे भेद डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखावयाचे, तर त्यासाठी रानासारखे दुसरे भांडार नाही. शिवाय हे साहित्य मुलाच्या परिचयाचे होते. ज्या झाडाची पाने तो मोजी, त्याचे नाव शिक्षिकेपेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असे. म्हणजे शिकता शिकता तो थोडे शिकवीतही असे, आणि पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून उभ्या राहिलेल्या समाजातील मुलाला या गोष्टीचे मोल फार मोठे होते. फुल्यांनी सुचविलेला कस येथे पुरा उतरला. हाताचे काम मुलाला त्याच्या जागी खिळवून ठेवण्यासाठी नव्हते. ते त्याच्या आत्मविश्वासाचे पहिले पाऊल होते.

यावर एक शंका निघते. अचूक मोजमापाच्या साहित्याऐवजी चिंचोके आणि शिंपले आणले, तर ती पद्धती उरली काय? चूक वस्तूनेच दाखवावी, हे जे मूळ तत्त्व, ते ओबडधोबड खड्यांत कसे साधणार? ही शंका निव्वळ कर्मठपणाची नाही. मोजमापाने घडविलेल्या साहित्याचे काही गुण रानातल्या वस्तूंत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु सान लोरेन्झोमध्ये माँटेसरीबाईंनी जे केले त्याचे सार कोणते, हे आधी ठरवावे लागेल. समोर जे मूल आहे ते पाहणे, त्याच्या परिस्थितीला धरून वातावरण तयार करणे आणि त्याच्या हातांवर विश्वास ठेवणे, हे सार असेल, तर ताराबाईंनी ते सोडले नाही. उलट मूळ स्थानी, म्हणजे गरिबाच्या वस्तीत, परत नेले. गुरूचे शब्द जपणारे शिष्य पुष्कळ असतात. गुरूने जे केले ते आपल्या भूमीवर नव्याने करून दाखविणारे थोडे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण किताब मिळाला. १९७३ साली त्या निवर्तल्या. अनुताईंनी काम पुढे चालविले. १९८२ साली त्यांनी ग्राममंगल ही संस्था स्थापन केली, १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांचे देहावसान झाले. ज्या भूभागात हे सारे घडले तो २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव मिळाले ते ‘अंगणवाडी’. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. तमिळनाडूपासून काश्मीरपर्यंत हा मराठी कानांस इतका घरगुती वाटणारा शब्द सरकारी कागदपत्रांत रुळला आहे. अड्यारहून निघालेला धागा असा फिरून अड्यारच्या परिसरातील अंगणवाड्यांतही पोहोचला.

मात्र शब्द पोहोचला म्हणजे आशय पोहोचला, असे नव्हे. अंगणवाडीच्या वाट्यास पोषण, लसीकरण, नोंदी आणि सर्वेक्षणे यांचा भार आला, आणि तीही कामे अगत्याची आहेत. पण त्या गर्दीत मुलाच्या हाती वस्तू देऊन शांतपणे पाहत बसावयास सेविकेला सवड कोठून मिळावी? दुसरीकडे, शहरांतील महागड्या बालशाळांच्या पाट्यांवर माँटेसरीबाईंचे नाव झळकते आणि आत चार वर्षांचे मूल वहीत रेघोट्या गिरवीत बसलेले असते. एकीकडे गरिबाच्या मुलाला अंगण मिळाले पण खेळणे अपुरे. दुसरीकडे श्रीमंताच्या मुलाला खेळणे मिळाले पण मोकळीक अपुरी. रोमच्या चाळीत, अड्यारच्या झावळ्यांखाली आणि कोसबाडच्या टेकडीवर जे एकत्र नांदले होते, ते पुन्हा विभागले गेले आहे.

१९३१ साली लंडनमध्ये व्यक्त झालेली ती आशा म्हणूनच अजून जुनी झालेली नाही. तिच्या पूर्तीस नवा शोध लागावयाचा आहे असेही नाही. पाने, खडे, चिंचोके, माती यांची टंचाई देशाला कधी पडली नाही. टंचाई आहे ती मुलाजवळ बसून त्याचे हात पाहणाऱ्या डोळ्यांची, आणि त्या डोळ्यांना तेवढा वेळ देणाऱ्या व्यवस्थेची. ती भरून काढता येते, हे एका वृद्ध शिक्षिकेने आणि तिच्या सहकारी स्त्रीने एका दरिद्री तालुक्यात करून दाखविले आहे.